हॉर्नची बोली आणि आपले कान



आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्यांना सगळेच मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी रिक्षा चालवली. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, दोन खोल्यांचे घर, सगळे त्या तीन चाकांवर उभे राहिले. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही त्यांच्याच रिक्षातून स्टेशनला निघालो होतो. लोकल चुकणार अशी चिन्हे दिसत होती. पुढे सिग्नलला गाड्यांची रांग लागलेली. आम्ही अस्वस्थ होऊन म्हणालो, “मामा, जरा हॉर्न मारा की!”

मामांनी मान न वळवता विचारले, “कोणाला मारू? पुढे सिग्नल लाल आहे. सिग्नलला कान नसतात.”

आम्ही गप्प बसलो. पण मामा गप्प बसणारे नव्हते. स्टेशन येईपर्यंत त्यांनी आम्हाला हॉर्नची सगळी बाराखडी शिकवली. लोकल चुकली ती चुकलीच, पण त्या दिवसापासून रस्त्यावरचा गोंगाट आम्हाला थोडा थोडा समजू लागला. ती बाराखडी आज आपल्यापुढे मांडावी असे मनात आहे. त्याला कारणही तसेच घडले आहे, ते पुढे येईलच.

मामा म्हणाले, हॉर्न एकच, पण बोलणी अनेक. एकदाच हलकेच ‘पीं’ केले तर त्याचा अर्थ ‘मी मागे आहे, सांभाळा.’ दोनदा बारीक ‘पीं-पीं’ म्हणजे ‘मी बाजूने पुढे जातोय.’ पुढच्याने जागा दिली आणि पुढे गेल्यावर पुन्हा एकदा लहानसे ‘पीं’ झाले तर ते आभार. ओळखीचा रिक्षावाला समोरून आला की हात वर आणि एक टिचकीएवढा हॉर्न, म्हणजे ‘काय, बरे ना?’ रिकामी रिक्षा फुटपाथच्या कडेने हळू जात ‘पीं... पीं...’ करते, ती ‘येता का?’ असे विचारत असते. कोपऱ्यावर वळताना दिलेला हॉर्न, ‘मी वळतोय, मधे येऊ नका.’ आणि बोट न उचलता लांबच लांब दाबून धरलेला हॉर्न? मामा हसून म्हणाले, “त्याला अर्थ नसतो. त्याला फक्त राग असतो.”

घरच्या बायामाणसांना आणखी एक हॉर्न चांगला ठाऊक आहे. सकाळी साडेसहाला इमारतीखाली स्कूल व्हॅन येते आणि खालून हॉर्न सुरू होतो. एका मुलाला बोलवायचे असते, पण उठतात चाळीस घरे. रात्रपाळी करून तासाभरापूर्वी डोळा लागलेला माणूस उठतो, तान्हे बाळ उठते, आजारी आजी उठते. आपण दाराची बेल काढून हॉर्नला दिली आहे. वर आणि ती रिव्हर्सची धून! गाडी मागे घेताना वाजणारे ते गाणे कोणाला सावध करते कोण जाणे. आपण मात्र ते ऐकून गाडी कोणाची ते अचूक ओळखतो.

सगळेच हॉर्न नकोसे असतात असेही नाही. गोव्यात पहाटे पाव विकणारा पोदेर सायकलवरून रबरी भोंगा ‘पों-पों’ वाजवत येतो. तो आवाज आला की घरातले माणूस भांडे घेऊन दाराशी येते. तिथे हॉर्न कोणाला हाकलत नाही, बोलावतो. आवाज तोच, हेतू वेगळा.

हा रबरी भोंगा आपल्या रिक्षांनाही होता. रबरी फुगा दाबला की हवा पितळी कर्ण्यातून बाहेर पडायची. हाताला श्रम पडत, म्हणून माणूस कामापुरताच दाबायचा. पुढे विजेचा हॉर्न आला. त्यात एक पातळ पत्र्याचा पडदा असतो. बटण दाबले की विद्युतचुंबक तो पडदा ओढतो, ओढताच वीज तुटते, पडदा सुटतो, पुन्हा वीज जोडली जाते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि पडदा थरथरून ओरडतो. बोटाला काहीच कष्ट नाहीत. कष्ट गेले आणि मोजमापही गेले.

विजेच्या हॉर्नची कथा मोठी विलक्षण आहे. अमेरिकेत १९०८ साली ‘क्लॅक्सन’ नावाचा विजेवरचा कर्कश हॉर्न बाजारात आला. तो तयार करणारे संशोधक मिलर रीझ हचिसन. याच हचिसन यांनी त्याच्या आधी, १९व्या शतकाच्या अखेरीस, बहिऱ्या माणसांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते. ज्याने कान दिले त्यानेच कान किटवणारे यंत्रही दिले. हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आले होते. आता ते हसू तितके सहज येत नाही.

आता ट्रकच्या मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ पाहा. एकेकाळी आपले बहुतेक रस्ते अरुंद होते. ट्रक मालाने एवढा भरलेला की ड्रायव्हरला मागचे काही दिसत नसे. बाजूचे आरसे असले तर असले. मग मागच्याने हॉर्न द्यावा आणि पुढच्याने हात काढून ‘जा’ म्हणावे, असा तो व्यवहार होता. रात्रीसाठी ‘यूज डिपर ॲट नाईट’, म्हणजे आवाज नको, दिवा दाखवा. म्हणजे मुळात ही विनंती होती आणि तिला कारण होते. आता रस्ते रुंद झाले, आरसे आले, पण विनंती तशीच राहिली आणि लोकांनी तिला आज्ञा समजले. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मालवाहू गाड्यांवर हे शब्द लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. तरी रंगाचा ब्रश काही लगेच थांबला नाही.

आवाजाला नियम असला तर तो किती गुणी होतो, हे एस.टी.त पाहावे. कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. एवढ्या दोन खुणांवर पिढ्यान्पिढ्या एस.टी. चालली. रेल्वेच्या फाटकाअगोदर रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलेले असते. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. ती पाटी दिसली की इंजिनचालकाने शिट्टी द्यायचीच. घाटातल्या आंधळ्या वळणावर ‘हॉर्न द्या’ अशी पाटी असते, तिथे हॉर्न न देणारा चालक गुन्हेगार. चढावरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचे हाही घाटाचा नियम. सांगायचा मुद्दा, हॉर्न हे वाईट यंत्र नाही. जिथे डोळा पोहोचत नाही तिथे ते जीव वाचवते. पण जिथे डोळ्याला सगळे स्वच्छ दिसते आहे, समोर लाल दिवा आहे, पुढे शंभर गाड्या उभ्या आहेत, तिथे ते कोणाचा जीव वाचवते?

सिग्नल हिरवा होताच मागून हॉर्नचा जो कल्लोळ उठतो, त्याचा हिशेब मांडून पाहावा. रांगेतली एकेक गाडी सुटायला साधारण दोन सेकंद लागतात. म्हणजे दहाव्या गाडीला रेषा ओलांडायला वीस सेकंद लागणारच. पुढच्याने क्लच सोडला, गाडी हलली, मग त्याच्या मागच्याची हलणार. मागच्याने कितीही हॉर्न मारला तरी हे गणित बदलत नाही. रस्ता एक वीतही रुंद होत नाही.

मग तरी आपण का वाजवतो? मामांचे उत्तर असे होते: “घरून भांडून निघालेला वाजवतो. साहेबाचे बोलणे खाऊन निघालेला वाजवतो. हप्ता थकलेला वाजवतो. कोणावर ओरडता येत नाही तो हॉर्नवर ओरडतो.” यात आम्ही आमची भर घालतो. हॉर्न मारणाऱ्याकडे नीट पाहिले तर कळते की तो बहुधा आपल्यापेक्षा लहानाला मारतो. ट्रक मोटारीला मारतो, मोटार रिक्षाला, रिक्षा स्कूटरला, स्कूटर सायकलला, आणि सगळे मिळून पायी चालणाऱ्याला. हातगाडी ओढणारा घामाघूम होऊन चढ चढत असतो, त्याच्या पाठीशी मोठी गाडी हॉर्न देत उभी असते. त्याने काय करावे? गाडी सोडून पळावे? पहाटे रस्ता झाडणारी बाई, डोक्यावर पाटी घेतलेली मजुरीण, काठी टेकत रस्ता ओलांडणारे आजोबा, या सर्वांना तो हॉर्न एकच सांगतो: ‘बाजूला हो, रस्ता माझा आहे.’ रस्ता कोणाचा आणि कोणी कोणासाठी बाजूला व्हायचे, हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. म्हणूनच आपल्या हातात स्टिअरिंग आले की आपण तो हॉर्न जरा विचार करून दाबावा, असे आम्हाला वाटते.

आता ज्या कारणाने हे लिहायला बसलो ते सांगतो.

मामांची नात नऊ वर्षांची. संध्याकाळी शिकवणीला जाते. गेल्या वर्षी एकदा ती निघताना म्हणाली, “आबा, सात वाजता घ्यायला या.” मामा आठ वाजता गेले. पोर तासभर बंद दारासमोर, रस्त्याच्या दिव्याखाली दप्तर पोटाशी धरून उभी. घरी आल्यावर सून रडली, मुलगा चिडला. मामा एकच म्हणत राहिले, “ती आठ म्हणाली होती. मी माझ्या कानांनी ऐकले.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या कानांनी ‘आठ’च ऐकले होते.

टीव्हीचा आवाज मोठा होत चालला होता, हाक मारली तर ओ येत नव्हती, पण घरच्यांनी ते वयावर आणि थोडे तिरसटपणावर टाकले होते. त्या प्रसंगानंतर मुलाने त्यांना दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात नेले. कानाला हेडफोन लावून बसवले, आवाज आला की बटण दाबायला सांगितले. जाड आवाज मामांना नीट ऐकू आले. बारीक, उंच आवाज आलेच नाहीत. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे सरळ चाललेली रेघ उजवीकडे घाटासारखी खाली उतरली होती.

डॉक्टरांनी समजावले ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. कानाच्या आत शंखासारखा एक अवयव आहे. त्यात केसांसारख्या तंतूंच्या बारीक पेशी असतात. त्या आवाजाची थरथर मेंदूकडे पोहोचवतात. मोठा आवाज वर्षानुवर्षे आदळला की त्या पेशी मरतात, आणि एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा मरतात त्या उंच आवाजाच्या. म्हणून स, श, फ, ख ही अक्षरे आधी हरवतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी पुसट होतात. माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. ‘सात’मधला ‘स’ गळाला की उरते ते ‘आत’, आणि मेंदू त्याचे ‘आठ’ करून टाकतो. मामांच्या बाबतीत वयाचा भाग आहेच, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: “रिक्षा किती वर्षे चालवली?”

रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. काच नाही, दार नाही. इंजिन पाठीशी, आणि शेजारी उभ्या बसचा हॉर्न थेट कानात. तज्ज्ञांचा हिशेब असा की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत कान सोसतो. त्यावर दर ३ डेसिबलला सोसण्याची वेळ निम्मी होते. ८८ला चार तास, ९१ला दोन तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते. मामा दिवसाला दहा-बारा तास रस्त्यावर असत. हॉर्न ते कमीच मारत, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पण कान त्यांचे गेले ते स्वतःच्या हॉर्नने नव्हेत, दुसऱ्यांच्या हॉर्नने. आणि त्या दुसऱ्यांत, ‘मामा, हॉर्न मारा की’ म्हणणारे आम्हीही होतो.

कायदा नाही असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला आणि नको असलेल्या आवाजापासून सुटका हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णालये, शाळा-कॉलेज आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४०. शांतता क्षेत्रात कधीही, आणि निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न वाजवायचा नाही, अपवाद फक्त आणीबाणीचा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड ठरवला. नाना सुरांचे आणि कर्कश हॉर्न बसवायलाही मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांची गोष्ट वेगळी. त्यांचा भोंगा ऐकला की वाट द्यायचीच. आणि गंमत पाहा, बाकी हॉर्नच्या गदारोळात नेमका तोच भोंगा बुडून जातो.

पोलिसांनी एक युक्तीही करून पाहिली. मुंबईत काही चौकांत सिग्नलला डेसिबल मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा आवाज ८५च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितके थांबणे. २०२०च्या जानेवारी अखेरीस त्याची चित्रफीत आली तेव्हा सगळा देश हसला. २०२३च्या जून महिन्यात मुंबईत ‘हॉर्नविना दिवस’ही पाळला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले, हे सांगायला नको.

पण हे जमत नाही असे मुळीच नाही. आपल्याच देशात मिझोरमची राजधानी आयझॉल आहे. डोंगरावरचे गाव, अरुंद रस्ते, गाड्यांची गर्दी. तरी तिथे स्कूटर एका रांगेत, मोटारी दुसऱ्या रांगेत, आणि हॉर्न जवळजवळ नाहीच. कोणी मधे घुसत नाही म्हणून कोणाला ओरडावे लागत नाही. नेपाळची राजधानी काठमांडू, तिथे २०१७च्या एप्रिलपासून विनाकारण हॉर्नला बंदी आली आणि बघता बघता रस्त्यांचा आवाज उतरला. म्हणजे सवय ही सवयच असते. लागते तशी मोडतेही.

आपण आपल्या घरापासून काय करू शकतो? आपल्यात रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, बस चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमची विनंती, वर्षातून एकदा कान तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. त्यात कमीपणा नाही. ‘माझे कान ठीक आहेत’ असे मामाही म्हणत होते. घरच्यांनीही लक्ष द्यावे. टीव्ही मोठा होऊ लागला, माणूस ‘काय? काय?’ करू लागला, मुलांचे बोलणे त्याला कळेनासे झाले, तर चिडू नये, दवाखान्यात न्यावे. श्रवणयंत्र परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेची चौकशी करावी. दिव्यांगत्वाचा आणि उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतो. स्कूल व्हॅनवाल्याला प्रेमाने सांगावे, भाऊ, मिस्ड कॉल द्या, मूल खाली उभे असेल. आणि मग मूल खरोखर वेळेवर खाली उभे ठेवावे, नाही तर तो तरी काय करणार? नव्या स्कूटरवर बसलेल्या आपल्या मुलाने मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवायला पैसे मागितले, तर देऊ नयेत. आपल्या वस्तीची अभ्यासिका रस्त्याला लागून असेल तर बाहेर एक पाटी लावावी: ‘मुले अभ्यास करीत आहेत, हॉर्न वाजवू नका.’ आमच्याकडे दहावीच्या मुलांनी ती स्वतः रंगवली. सगळे ऐकतात असे नाही, पण काही जण ऐकतात, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढेही पुष्कळ असते.

मामांना आता श्रवणयंत्र मिळाले आहे. पहिले काही दिवस ते काढून खिशातच ठेवत, कारण रस्त्यावर गेले की यंत्रातून हॉर्न आणखी मोठे ऐकू येत. आता घरात लावतात. रिक्षा मुलाने दुसऱ्याला चालवायला दिली आहे. नात मात्र आता वेळ तोंडाने सांगत नाही. त्यांच्या तळहातावर पेनाने मोठा आकडा काढते आणि मूठ मिटवून देते. परवा आम्ही भेटलो तेव्हा मामांनी मूठ उघडून आम्हाला दाखवली. तिच्यात ‘७’ लिहिलेला होता. साडेसहा वाजले होते, आणि ते निघाले होते.